मनुकांचा रस आणि मागचा बाक

मी, विमला कुंडलिक पारधे, वय वर्षे अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार नाहूर, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी सांगितला. मी त्यांना तारीख विचारली, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. हृदयाबद्दल मात्र त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, आता फार भरवसा धरू नका.

परमेश्वर बोलावील तेव्हा मी जायला तयार आहे. त्याला एवढेच सांगून ठेवले आहे की सकाळी नळाच्या वेळेला बोलावू नकोस.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते मनातल्या मनात, मागच्या बाकावर बसून, प्रवचन चालू असताना. त्यात माझे दीर भाऊराव यांना वेळोवेळी बरेच काही दिले होते, पण ते येथे लिहिण्याजोगे नाही. ती सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम एक. नाहूरची खोली आणि स्वयंपाकघर माझी पुतणी, म्हणजे भाऊरावांची मुलगी, क्षमा हिला मिळावे. ती नर्स आहे, मुलुंडला वडिलांजवळ राहते आणि दोन्ही घरांत जाऊन येऊन दोघांच्याही तोंडची बोलणी खाते. खोलीवर अन्य कोणी हक्क सांगू नये. क्षमाने लग्न करावे की करू नये हा विषय या कलमात येत नाही, तेव्हा महिला मंडळाच्या शेवंतीबाईंनी त्यात पडू नये.

कलम दोन. पोस्टात जे काही आहे तेही क्षमाला. आकडा लिहीत नाही, कारण मंडळीची पंचकमिटी हा कागद वाचल्याशिवाय राहणार नाही आणि मग चर्चच्या छपराचा विषय निघेल.

कलम तीन. कल्हईचे पितळी पातेले आणि मलमलीचे गाळणे महिला मंडळाला द्यावे, मात्र एका सूचनेसह: रस ज्या आठवड्याला केला त्याच आठवड्याला वापरावा. ही सूचना का, ते लिहिणे भाग आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असते. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट. दारू चालत नाही म्हणून काळ्या मनुका उकळून, चुरून, गाळून रस करायचा. हे काम कित्येक वर्षे माझ्याकडे होते. १९६९च्या मे महिन्यातही मी शनिवारी रस केला, बाटलीत भरला, घट्ट बूच लावून भाऊरावांच्या हाती दिला. भाऊराव तेव्हा कमिटीचे सेक्रेटरी होते आणि चर्चच्या पत्र्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. ती किल्ली लोंबताना दिसली की भाऊराव कुठे आहेत ते वेगळे शोधावे लागत नसे.

त्याच रात्री तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या सासूबाई जालन्याला वारल्या. प्रभुभोजन एक आठवडा पुढे गेले. मी भाऊरावांना चर्चच्या दारात बजावले, "तो रस ओतून टाका. मी शनिवारी नवा करते." पण शनिवारी मी तापाने आडवी झाले. भाऊरावांनी निरोप पाठवला की वहिनींनी काळजी करू नये, मी व्यवस्था करतो.

त्यांनी जी व्यवस्था केली ती अशी की तीच बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवली. भाऊराव हे लिमलेटच्या गोळीचा कागदसुद्धा घडी घालून जपणारे गृहस्थ. चांगला रस ओतून देणे त्यांच्या जिवावर आले. मे महिना, पत्र्याचे कपाट, वर तापलेले छप्पर. मनुकांनी जे करायचे ते केले. पाळकसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने बाटलीला हात घातला आणि बूच उडून पंख्यावर आपटले. अर्धा रस त्यांच्या पांढऱ्या झग्यावर गेला आणि वास थेट शेवटच्या बाकापर्यंत. उपासनेत कायम झोपणारे शिवदासमामा दचकून जागे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "आत्ता कुठं आत्मा उतरला राव!"

लोक हसले. ते हसण्यावरच संपले असते तर मीही आज हसून मोकळी झाले असते. पण कमिटी बसली आणि तिने ठरवले की पारधेबाईंनी कुंडलिकाच्या दारूच्या बाटलीत रस भरला. कुंडलिक म्हणजे माझे यजमान. ते जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ते प्यायचे, हे खरे. शेवटची चार वर्षे त्यांनी थेंबाला हात लावला नाही, हेही खरे. पण पहिले खरे साऱ्या मंडळीला तोंडपाठ होते आणि दुसरे फक्त मला आणि त्यांच्या धाकट्या भावाला. तो धाकटा भाऊ कमिटीत बसून कमरेच्या किल्लीशी चाळा करत होता. त्याने तोंड उघडले नाही.

मला सांगण्यात आले, उपासनेत उभ्या राहून माफी मागा, नाहीतर प्रभुभोजनाला बसू नका. जे केलेच नाही त्याची माफी मी मागत नाही. मी उठले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले, ती तिथेच आहे.

कलम चार. वरील कारणास्तव भाऊराव पारधे यांना माझ्या स्थावर-जंगमातून काडीही मिळू नये. त्यांनी माझ्या शवपेटीला खांदा देऊ नये, मूठमातीही टाकू नये. कुंडलिकांची बाजाची पेटी, जिच्यावर त्यांनी भाऊरावांना बोट धरून पहिला सूर वाजवायला शिकवले आणि जी भाऊरावांना फार हवी आहे, ती एखाद्या भंगारवाल्याला द्यावी.

कलम पाच. गजराचे घड्याळ हल्लीच्या पाळकसाहेबांना. प्रवचनाआधी लावावे आणि वाजले की थांबावे. माणूस चांगला आहे, पण प्रत्येक रविवारी तो जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतो आणि बिर्याणीची वेळ टळून गेली तरी त्याचा प्रलय संपत नाही. माझ्या दफनविधीत गाणी जलद चालीत म्हणावीत. "बाई शांत स्वभावाच्या होत्या" असे कुणी बोलू नये. देवाच्या घरात एवढे खोटे बरे नव्हे.

येथवर लिहून झाले आणि क्षमाने ते वाचले. मी चहा टाकायला उठले होते, तेवढ्यात तिने कागद उचलला. पुतणी वाचेल असे वाटते तेथेच माणूस कागद ठेवतो, हे मला मान्य आहे.

"काकू, चौथं कलम लिहिलंस, पण ते वाचलं जाईल तेव्हा तू नसशील ना. मग सुनावतेस कुणाला?"

"तुझ्या बापाला."

"ते ऐकतील आणि घरी जाऊन रडतील. तू बघायला नाहीस. मजा काय यार त्यात?"

"तुला मजा सुचतेय?"

"बरं, तुला बाबांकडून हवंय काय? खरं सांग."

"एक वाक्य. रस ताजा होता, एवढं."

"आणि ते नाहीच म्हणाले तर? अशीच मरणार, उपाशी?"

उपाशी हा शब्द तिने सहज वापरला. पण मला तो बसला आणि त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

कलम सहा. चौथे कलम रद्द.

कारण लिहिते. बंदी कमिटीने घातली, पण चालवली मी. ती कमिटी केव्हाच बदलली, त्यातले दोघे देवाघरी गेले आणि तिथे त्यांना कुठल्या बाकावर बसवले आहे ते मला पाहायचे आहे. हल्लीच्या पाळकसाहेबांनी तर घरी येऊन विचारले, "बाई, कसली बंदी? या ना टेबलापाशी." मी गेले नाही. मागच्या बाकावर बसले की पुढची सगळी मंडळी मला अपराधी दिसायची, आणि ते मला, खोटे कशाला बोलू, गोड लागायचे. त्या भाकरीपेक्षा गोड लागायचे.

भूक मात्र लागायची. ताट पुढच्या बाकापर्यंत येऊन वळले की जास्तच. देवाला मी म्हणायचे, तुझ्याशी माझे भांडण नाही, भांडण कमिटीशी आहे. तो काही बोलायचा नाही. ज्याच्या घरी अठरा वर्षे जेवायचे नाही आणि वर म्हणायचे आमचे भांडण नाही, त्या घरधन्याने बोलावे तरी काय?

आधी भावाशी समेट कर, मग वेदीपाशी ये, असे आमचे शास्त्र सांगते. ते वचन मी आजवर भाऊरावांसाठी वाचत आले. वर्गातल्या मुलांना मी नेहमी सांगायचे की प्रश्न नीट वाचा, तो तुम्हालाच विचारला आहे. रस ताजा होता, हे मी मेल्यावरही म्हणेन, त्यात तडजोड नाही. पण भाऊराव ते कबूल करीपर्यंत मी जेवणार नाही, ही अट मागे घेते. माझ्या बाबतीत आधी कबुली आणि मग भाकर, असे देवाने धरून ठेवले असते, तर माझा बाप्तिस्माही अडून राहिला असता. मला मरण्याआधी त्या टेबलापाशी जायचे आहे. मला हवे ते एवढेच, बाकी सगळी भांडीकुंडी.

म्हणून कुंडलिकांची बाजाची पेटी माझे दीर भाऊराव यांना मिळावी. कोणतीही अट नाही. त्यांनी खांदाही द्यावा. उंचीने कमी असल्यामुळे त्यांना मागच्या बाजूला घ्यावे.

कलम सात. हे आज, शनिवारी, सहीच्या वेळी लिहीत आहे. साक्षीला शेजारचे दत्ताराम राणे, जे कोर्टात कारकून आहेत, आणि डॉक्टर यायचे ठरले होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात तापाची रांग लागल्यामुळे ते आले नाहीत. त्यांच्याऐवजी क्षमा वडिलांना घेऊन आली. हा बेत तिचाच, हे तिच्या तोंडावर दिसत होते. भाऊराव या खोलीत अठरा वर्षांनी आले आणि दाराशीच चप्पल हातात धरून उभे राहिले. मी म्हटले, "भावजी, चप्पल ठेवा. इथे कोणी पळवत नाही."

मी सहावे कलम मोठ्याने वाचून दाखवले. पेटीचे आले तेव्हा ते खाली बसले.

राण्यांनी घसा खाकरला. "बाई, आता दुसरो साक्षीदार खंयचो?"

"मी करतो सही," भाऊराव म्हणाले.

"तुमी केलात तर पेटी तुमका गावची नाय. साक्षीदाराक मृत्युपत्रातला काय घेता येत नाय. कायदो आसा तो."

"पेटी राहू दे," भाऊराव म्हणाले. "वहिनी, मी सही करतो. पण सहीच्या वर मला दोन ओळी लिहायच्यात. चालतील?"

राणे म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हटले, या घरात मी मरणार आहे, पद्धत माझी.

तरी सबब, पेटी क्षमाला मिळावी. क्षमाच्या घरी तिचे वडील राहतात आणि पेटीला पाय नाहीत, ती जिथे ठेवाल तिथे राहते. राण्यांनी हे वाक्य वाचले आणि खिडकीबाहेर बघितले. कायद्याला यात काही गैर दिसत नाही, असा त्याचा अर्थ मी घेते.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापन क्षमा हिने पाहावे. वरील सर्व मी वाचले, समजले आणि मला कबूल आहे.

ठिकाण: नाहूर, मुंबई
दिनांक: २ मे १९८७

सही
विमला कुंडलिक पारधे

साक्षीदार पहिला
दत्ताराम राणे, शेजारी. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. पुढील मजकूर साक्षीदाराच्या जागेत बसत नाही, परंतु मी हात धरला नाही.

साक्षीदार दुसरा
वहिनींनी माझ्यासमक्ष सही केली. १९६९ साली त्यांनी दिलेला रस ताजा होता. बाटली आठवडाभर मी कपाटात ठेवली, किल्ली माझ्याकडे होती. वहिनींना वाटते की कमिटीत मी फक्त गप्प बसलो. तसे नाही. दादाच्या बाटलीची गोष्ट प्रथम मीच काढली होती. उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे. वहिनी अजूनही सोबत येऊ देतील तर मी त्यांना घ्यायला येईन. नाही म्हणाल्या तर त्या पुढे जातील आणि मी मागच्या बाकावर बसेन.
भाऊराव पारधे, कुंडलिक यांचा धाकटा भाऊ