धुण्याच्या सोड्यात टिकणारी चादर

तात्यापारा, रायपूर

आई, तुले अन् बाबांना जय भीम.

मी मजेत आहे. बाबांच्या पाठीची जखम भरून राहिली ना? दादा फोनवर ‘ठीक आहे’ एवढंच म्हणतो. तू खरं सांगजो.

आमच्या प्रयोगशाळेत मेंढीच्या लोकरीपासून बनवलेला जंतुनाशक लेप लावून मी बाबांसाठी चादर पाठवली होती. ती तू सोडा टाकून उकळली, लेप धुऊन गेला. हे सांगितलं तर प्रयोगशाळेत सगळे हसले. मले हसू नाही आलं. आजाऱ्याची चादर घरोघरी उकळतातच. आम्हीच थंड पाण्यात धुऊन तिले पास केली होती.

काल सदर बाजारातून धुण्याचा सोडा आणला अन् प्रयोगशाळेत पातेलं चढवलं. नवा लेप त्यात टिकला की नवी चादर पाठवीन.

तीबी आधी उकळजो.

तुझी चेतना