छातीएवढा ओटा

अंबरनाथ पश्चिम,
१२ मे २०२५

पाट घसरला तेव्हा आईच्या हातात आमटीचं पातेलं होतं. ते तिच्या डाव्या पायावर सांडलं. तू ऑफिसात होतास. तेजस्वीनं तिला दवाखान्यात नेलं आणि मला कळवलं. तू माझा फोन दोनदा कापलास, म्हणून हे पत्र यांच्या हाती पाठवते.

चि. विनीत, आशीर्वाद मायन्यापुरता घे.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आई माझ्याकडे होती तेवढ्यात तू तिचं स्वयंपाकघर फोडलंस. बाबांनी घातलेला कडाप्पा काढलास, खाली ट्रॉल्यांची कपाटं बसवलीस, वर ग्रॅनाइट. आईला सरप्राइज द्यायचंय म्हणालास. आई घरी गेली तर ओटा तिच्या छातीशी. आपली आई केवढी आहे हे तुला ठाऊक नव्हतं? बायको उंच आहे, हे मात्र बरोबर लक्षात राहिलं. बाबा ज्या पाटावर जेवायला बसत, त्यावर उभी राहून ती महिनाभर भाकऱ्या थापत होती. मला एका शब्दानं बोलली नाही.

ती आता इथे आहे. कपाटांच्या पायांना आटे असतात, फिरवले की उंची कमी होते, असं हे म्हणतात. ते होत नाही तोवर आई मांजर्लीला येणार नाही.

तेजस्वीला आशीर्वाद, तिला मनापासून.

किर्ती


मांजर्ली, बदलापूर,
१४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. मायन्यापुरता आशीर्वाद परत पाठवतो आहे.

तेजस्वीला मधे आणू नकोस. ओटा खाली घ्या म्हणून ती फिटरसमोर माझ्याशी भांडली होती. तिला मी पुराचं कारण दिलं. तळमजला आहे, नदीचं पाणी घरात येतं, प्लाय फुगतो, म्हणून कपाटांचे पाय उंच हवेत. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हतं.

मार्चमध्ये आई गॅस चालू ठेवून शेजारी गोदूबाईंकडे भजनाला गेली. मी आलो तेव्हा तवा लाल झाला होता. त्याआधी एकदा ज्योत विझली आणि वास जिन्यात आला. आता स्वयंपाक सोड, हे आईला सांगायची माझी हिंमत नाही. तुझी आहे? तू माहेरपणाला येतेस, चार दिवस तिच्या हातचं जेवतेस आणि पुरणपोळ्या बांधून घेऊन जातेस. मला वाटलं, हात पोचला नाही की ती आपोआप बसेल. ती पाटावर चढेल हे डोक्यात आलं नाही.

तू फोनवर ओरडत होतीस. हे मला ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं.

पत्र आईला दाखवू नकोस. भाऊजींना नमस्कार. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

विनीत


अंबरनाथ,
१५ मे

चि. विनीत,
अ. आ. किर्ती तुझं पत्र डाळीच्या डब्याखाली ठेवून भाजीला गेली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं चांगलं वाचता येतं.

तवा लाल झाला हे मला माहीत आहे. तो मीच घासला. तुला बोलायचं होतं तर बोलायचं. मी दोन दिवस भांडी आदळली असती आणि तिसऱ्या दिवशी शेगडी तेजस्वीच्या हाती दिली असती. मांजरापासून दूध ठेवावं तशी तू माझ्यापासून शेगडी उंचावर ठेवलीस. वर ते ताईला लिहून कळवलंस.

शेगडी राहू दे वर. मला थापण्यापुरती जागा माझ्या कमरेएवढी हवी. ग्रॅनाइट कापावा लागला तर काप. आणि जे लिहिलंस ते माझ्या तोंडावर येऊन सांग. नाहीतर मी आले की स्वयंपाकघरात मधोमध परात घेऊन बसेन, पाय पसरून. मग उघड तुझ्या ट्रॉल्या.

पाय बरा होतो आहे. राग तसाच आहे.

तुझी आई


अंबरनाथ,
१६ मे, सकाळ

चि. सौ. तेजस्वीस,
अ. आ. तुझ्याबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं.

विनीत आत्ता येऊन गेला. चपला न काढता दारातच उभा राहिला आणि आईला म्हणाला, तू गॅसला हात लावू नकोस, मला भीती वाटते. आईनं ऐकून घेतलं. मीही तिथंच उभी होते. तेवढ्यात आत दूध उतू गेलं. ते मी ठेवलं होतं. आई विनीतला म्हणाली की आता हिचाही ओटा उंच करून दे.

मग त्यानं फिटरला फोन लावला. फिटर दुपारी येतो आहे. खिडकीकडचं कपाट रिकामं करून ठेव.

किर्ती