खळ न लावलेली पुस्तकं

रविवार, ता. १२

ती. बाबा,

तुमचं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता कसा आहे? मी मजेत आहे, दोन्ही वेळा जेवते. ‘पोरगी वकील झाली’ म्हणून तुम्ही सगळीकडे सांगत सुटला आहात, ते मात्र जरा आवरा. सध्या मी वकीलबाईंच्या फायली वाहणारी हमाल आहे.

पहिल्या खटल्याचं सविस्तर लिही म्हणालात, म्हणून लिहिते.

पुस्तकबांधणीच्या कारखान्याचे मालक सुट्टीच्या दिवशी भरदुपारी डोक्यात घाव बसून मेले. प्रेत आधी तिथल्या राखणदार काकांना दिसलं आणि तेच पकडले गेले; त्यांचा बचाव आमच्याकडे आला. मालकांच्या भागीदाराने जबाब दिला, की तो निघाला तेव्हा मालक खळ लावलेली पुस्तकं शिकंज्यात, म्हणजे बांधणीच्या दाबयंत्रात, आवळत होते. म्हणजे तोवर ते जिवंत. काकांना जन्मठेप होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

मग तिथलीच एक बाइंडर आमच्याकडे आली. त्या दुपारी ती वर माळ्यावर होती. तिने मालकांचं आणि भागीदाराचं भांडण ऐकलं, कोणीतरी धाडकन पडलेलं ऐकलं, आणि शिकंज्याचा स्क्रू करकरला तो त्यानंतर. वकीलबाईंनी तिला बजावलं, कोर्टात तुझी सालं काढतील, नाही आलीस तरी चालेल. ती म्हणाली, काकांसाठी बोलायला दुसरं आहे कोण?

मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आत येऊ शकले नाही.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी माळ्यावर काय करत होतीस? राहत होते, ती म्हणाली. कागदावर पुरुषाचं नाव आणि समोर बाई, असं दिसलं की कोणी खोली देत नाही. कारखान्यातली माणसं मागे बसली होती. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. न्यायाधीशांनी कागदावरचं नाव विचारलं.

तिने सांगितलं. बाबा, ते तुम्ही ठेवलेलं नाव. दादाचं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. खळीने भेगाळलेल्या बोटांनी कठडा धरून ती सरळ उभी होती. “ते नाव माझ्या वडिलांनी हौसेने ठेवलं होतं. आता मी ते लावत नाही. पण साहेब, तो शिकंजा उघडून बघा. ज्याने आवळला, तो बाइंडर नव्हता.”

जप्त केलेला शिकंजा अजून मोहोरबंद होता. कोर्टातच उघडला. पानं सुटी होऊन घसरली, खळीचा ठिपकाही नव्हता. मालक कामात होते असं दाखवायला भागीदाराने हाताला लागली ती कोरडी पुस्तकं आवळली होती. तो जन्मभर हिशेबाच्या टेबलावर बसलेला. त्याला काय कळणार?

मला कोणी हसू नये म्हणून मी अजून कोर्टात आवाज चढवत नाही, बाबा. आणि तिने अख्ख्या कोर्टासमोर स्वतःला उघडं केलं, एका राखणदारासाठी. एवढं मोठं मी काही पाहिलं नव्हतं.

काका सुटले. तिचा माळा गेला, म्हणून तिला मी माझ्या खोलीवर आणलं. ‘तो आपल्याला मेला’ असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा मी लहान होते, गप्प बसले. आज सांगते, मेलं कोणीच नाही. ताई माझ्या शेजारी कपड्यांच्या घड्या घालते आहे. कोणाला लिहितेस, असं तिने विचारलं आणि मी सांगितल्यावर हातातली घडी मोडून पुन्हा घातली. तिने नमस्कार सांगितलेला नाही. आधी तुम्ही लिहा.

तुमची धाकटी लेक