वस्तरा आणि दही

३ फेब्रुवारी २००४

नव्या सर्जन जुईली मॅडमनी आज माझा वस्तरा बंद केला!

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटचे केस काढायचे, एवढंच माझं काम. पौडच्या या दवाखान्यात आठवी सोडल्यापासून तेच करतोय. मॅडम म्हणाल्या, "मनीष, वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. रात्रभरात त्यांत जंतू वाढतात, मग जखम पिकते. हजारो पेशंटवर तपासलंय हे. आड येतील तेवढेच केस काढ, तेही मशीनने, टेबलावर घेण्याच्या जरा आधी."

मान डोलावली. वस्तरा धुऊन कपाटात ठेवला.

माझ्या थोरल्या भावाच्या, इंद्रजितदादाच्या हर्नियाच्या वेळी केस मीच काढले होते. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वस्तरा दोनदा फिरवला — एकही केस राहू नये म्हणून! दादा हसत होता, "आरं, लगीन हाय का माझं?"

जखम पिकली. विष अंगभर पसरलं. दिवाळीआधी गेला.

४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

मॅडमना विचारलं — वस्तऱ्याच्या चिरांनी जीव जातो का? म्हणाल्या, "क्वचित. पण एकाच पेशंटचं नक्की सांगता येत नाही. कोण होतं?"

"कोणी नाही," म्हणालो.

८ फेब्रुवारी

आई वहिनीला पुन्हा बोलली. दादाच्या खाटेखाली दह्याची रिकामी वाटी सापडली, तेव्हापासून रोजचंच. आंबटाने जखम पिकते, असं आई धरून बसलीय. "ह्या नलिनीनं दही चारलं आन् माझा ल्योक गेला." वहिनी भाकरी थापत राहिली.

आईला गोठ्यात गाठलं. वस्तऱ्याचं सगळं सांगितलं. तिने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "गप. कुटं बोलू नगंस. एक गेला, आता तुलाबी घालवू व्हय?"

म्हणजे वहिनीनेच सोसायचं!

९ फेब्रुवारी

वहिनी माहेरी निघाली, मुठ्याला. फाट्यावर एसटीची वाट बघताना सांगून टाकलं. वाटलं, तोंडावर थुंकेल. एसटी दिसल्यावर ती बोलली. ते आज लिहवत नाही.

१० फेब्रुवारी

वहिनी म्हणाली, "भावजी, दही मी दिलंच न्हाई. हे लई मागत हुते. आणलं, पन आईंच्या धाकानं मोरीत वतलं आन् वाटी खाटंखाली सारली. आई बोलत्यात ते बोलू द्या. तेवढ्यापुरतं तरी ह्यांनी दही खाल्लेलं असतंय."