उभा राहणारा टॉवेल

३ फेब्रुवारी

आज टॉवेल जमिनीवर उभा राहिला. कशाचाही आधार न घेता. मी हात काढून घेतला, तरी पडला नाही.

आम्ही या घरात राहायला येऊन दोन महिने झाले. नवरा जहाजावर, जूनपर्यंत. घरात मी आणि अप्पा, माझे सासरे. कपडे धुणं त्यांनी स्वतःकडे घेतलंय. "आयतं बसून खाणार नाही." मशीन घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "मग मी काय करू, पंख्याकडे बघू?"

अप्पा क्रिकेटचे पंच होते. तीस वर्षं पांढरे कपडे, स्वतःच्या हाताने धुतलेले. आता ते सगळे शर्ट फरशी पुसायच्या फडक्याच्या रंगाचे झालेत. दोरीवर ओळीने लटकतात, पराभूत संघासारखे.

५ फेब्रुवारी

नळाचं पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. मी कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासते. बोअरचं पाणी जड असणार हे माहीत होतं, इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातला शब्द आठवला, दुष्फेन. साबणाचा फेस होऊ न देणारं. साबण क्षारांशी भांडण्यातच संपतो, मळापर्यंत पोचतच नाही, आणि वाळलेले कपडे कडक होतात.

बॉयलरवाल्याने आकडा बघितला. "मॅडम, हे बॉयलरला पाजलंत तर दोघांचीही नोकरी जाईल."

"बॉयलरला नाही. घरी वापरतो."

त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावून ती मला परत दिली.

६ फेब्रुवारी

अप्पांना सांगितलं, दोष पाण्याचा आहे. आकडाही सांगितला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते म्हणाले. "खेळपट्टी खराब होती म्हणणारे फलंदाज जन्मभर पाहिलेत मी. पाणी ठीक आहे. माझा हात गेला. समजूत घालू नकोस, सूनबाई."

मग म्हणाले, महिनाअखेर ते लेकीकडे जातील. कायमचे. जिथे आपला उपयोग नाही तिथे राहू नये. तिकीट काढून झालंय.

मी "ठीक आहे" म्हटलं.

ठीक नाही. हे फक्त इथे लिहिते.

७ फेब्रुवारी

पंचाने दिलेला निर्णय मागे घ्यायची एक खूण असते, हे आज जेवताना कळलं. दोन्ही हात छातीवरून उलटे नेऊन खांद्यांना लावायचे. डावा उजव्याला, उजवा डाव्याला.

"कितीदा केलीत?"

"एकदाही नाही. दिला तो दिला."

८ फेब्रुवारी

उपाय सोपा आहे. धुण्याचा सोडा. क्षार तळाशी बसतात, वरचं पाणी मऊ होतं. संध्याकाळी अप्पा फिरायला गेले की धुण्याच्या पाण्याच्या पिंपात टाकायचा, सकाळी ते धुवायला बसेपर्यंत काम झालेलं. माप काढलंय. सांगायचं काहीच नाही. हात परत आला असं त्यांना वाटू दे.

११ फेब्रुवारी

टॉवेलची घडी झाली!

अप्पांनी शर्ट उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. दुपारभर शीळ घालत होते म्हणे. शेजारीण तक्रार करून गेली.

तिकिटाचा विषय मात्र काढला नाही. मीही नाही.

१५ फेब्रुवारी

गडबड आहे. माझा निळा शर्ट आकाशी झाला. अप्पांच्या बोटांची सालं निघतायत. पिंपातलं पाणी तपासलं, सोडा भरमसाठ उरतोय. माझं माप चुकत नाही. तरी तीनदा हिशेब केला. वजनकाटाही तपासला, साखरेचा बंद पुडा ठेवून. काटा निर्दोष.

१८ फेब्रुवारी

माप निम्मं केलं. तरीही उरतोय. सोड्याला पिल्लं होतात असं कुठल्याही पुस्तकात नाही.

२० फेब्रुवारी

सोडा आणायला गेले, तर दुकानदार हसला. "घरात लाँड्री काढलीत का? सासरे परवाच आणखी दोन पुडे घेऊन गेले."

मी गप्प उभी राहिले. गप्प राहिलं की लोक पुढचं आपणहून सांगतात.

"म्हणाले, सून कामावर गेली की पिंपात टाकतो. ती बरोबर होती हे तिला कळता कामा नये. सांगू नका म्हणालेत हं."

म्हणजे मी संध्याकाळी, ते सकाळी. वजनकाट्याची मनातल्या मनात माफी मागितली.

आजपासून मी टाकणार नाही. श्रेय त्यांचं राहू दे. निदान जाताना मान ताठ असेल.

२४ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. तिने अप्पांसाठी खोली रंगवून घेतली. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "तू त्यांना एकदा राहा म्हणालीस का गं?" मी म्हटलं, त्यांनी ठरवलंय. ती म्हणाली, "दोघंही सारखेच दगड आहात."

२८ फेब्रुवारी

मी अप्पांची बॅग भरत होते. टॉवेल घडीला वळेना. खाली ठेवला, उभा राहिला.

दुकानदाराच्या तोंडात तीळ भिजत नाही. मीही सोडा नेते हे त्याने अप्पांना सांगितलं असणार, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"तू सोडा टाकायचं थांबलीस?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हीही?"

अप्पांनी टॉवेलकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं ते एकाच शब्दाचं होतं. म्हटलं. "राहा."

त्यांनी डावा हात उजव्या खांद्याला लावला. मग उजवा डाव्याला.