एक बेल, दोन बेल

बाबा, तुम्ही तसे होतात का? ज्या मुलांना मी रोज शिकवते, तसे? हा प्रश्न गेले कित्येक महिने माझ्या शेजारच्या सीटवर बसून गावोगाव हिंडतो आहे आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. समोर नसलेल्या माणसाबद्दल असा निष्कर्ष काढायचा नसतो, असं पुण्यात आम्हाला शिकवलं होतं. त्याला पाहावं लागतं, त्याच्याशी बसावं लागतं, तो लहानपणी कसा होता ते त्याच्या आईला विचारावं लागतं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि आजी त्याच्याही आधी गेली होती. एकदा आईला विचारून पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचं तसंच होतं." एवढ्या एका वाक्यावर तिने तुमच्याशी संसार केला.

मला आधी आठवतं ते तुमचं ताट. भात एका बाजूला, आमटी वाटीत, तळलेला बांगडा वेगळ्या बशीत. एकाचा दुसऱ्याला स्पर्श होता कामा नये. आई आजारी होती तेव्हा आत्या स्वयंपाकाला आली होती. तिने मायेने भाताचं आळं केलं आणि त्यात आमटी ओतली. तुम्ही ताटाकडे बघत बसलात. रागावला नाहीत, काही बोललाही नाहीत. हात धुतलेत, तिकिटांची पेटी उचललीत आणि उपाशीपोटी ड्युटीवर गेलात. "कसला गो हा बाप्या! नको तर नको म्हणायचं, तोंड नाय काय?" आत्या मलाच ओरडली, जणू तुमच्या गप्प बसण्याचा जाब मी द्यायचा होता. आणि त्या साखळ्या. गणपतीपुळ्याची फेरी लागली की तुम्ही तिथल्या दुकानातून माझ्यासाठी शिंपल्यांची चावीची साखळी आणायचात. पहिल्यांदा आणलीत तेव्हा मी उड्या मारल्या होत्या, म्हणून मग दर वेळी तीच. आपल्या घराला कुलूप एक आणि साखळ्या डबाभर. मैत्रिणी हसायच्या. आता वाटतं, मला कशाने आनंद होतो हे तुम्ही एकदा पक्कं लक्षात ठेवलंत आणि पुन्हा त्यात चूक होऊ दिली नाहीत.

डेपोत तुम्हाला मुका कंडक्टर म्हणायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमच्या गाडीत दाराजवळच्या सीटवर बसून एक फेरी मारायचे. ड्रायव्हरकाका मला हाक मारून सांगायचे, "तुझ्या बापसाची बाराखडी दोन अक्षरांची, बाय! एक बेल नि दोन बेल." छताखालून गेलेली ती दोरी तुम्ही एकदा ओढलीत की गाडी थांबायची, दोनदा ओढलीत की निघायची. तुम्ही मागे, ते पुढे, मध्ये गर्दी, टोपल्या, भांडणं, आणि तुम्हा दोघांचं बोलणं त्या एवढ्याशा घंटेवरून बिनचूक चाललेलं असायचं. घरात पहिली पदवी मी घेतली, आणि ती घेतली कशाची, तर न बोलणाऱ्या मुलांशी बोलायची. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? बहुतेक काहीच नाही.

पुण्याहून परत आले तेव्हा मला वाटत होतं की दोन वर्षांत मी रत्नागिरी तालुक्यातली सगळी मुलं बोलती करीन. आज या गावात, उद्या त्या गावात, अशा शाळा आणि घरं फिरते. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली पुण्यातच एका केंद्रात आहेत. दुपारी एकत्र डबा खातात, अडलं तर एकमेकींना विचारतात. इथे माझ्या कामाबद्दल मी ज्याच्याशी बोलू शकेन असं कोणी नाही. दिवसभर मी एकटीच बोलते, तेही मोजकं आणि सावकाश, आणि संध्याकाळी खोलीवर आले की माझाच आवाज मला परका वाटतो.

यातलंच एक घर, गाडीने तासाभरावरच्या गावातलं. मुलगी सहा वर्षांची, स्वमग्न, एकही शब्द न बोलणारी. वडील मुंबईत एका हॉटेलात कामाला. घरी आई आणि आजी. दोघी तिला बायच म्हणतात. मी गेले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "बोलंल ना वो मॅडम ती?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "बोलेल, बोलेल." मीच तिला सांगितलं होतं की बाय 'दे' म्हणेपर्यंत बिस्कीट हातात धरून ठेवा. आईने मन घट्ट करून धरलं. बायने काही दिवस त्या हाताकडे पाहिलं, मग बिस्किटाकडे बघायचंच सोडून दिलं. मागण्याआधीच तिने आशा सोडली, आणि ते तिला आम्ही शिकवलं.

त्यांचं घर फाट्याच्या वर आहे. एकदा खाली गाडी वळून उभी राहिली, निघताना दोन बेल झाल्या, आणि अंगणात माती चिवडत बसलेली बाय टाळ्या पिटत हसली. "यष्टी ऐकली की हे असं खुळ्यागत," आजी म्हणाली. मी मात्र तिथेच अडकले. पुढच्या रविवारी गणपतीपुळ्याला गेले, तुमच्या त्याच दुकानातून एक पितळी घंटा आणली आणि फणसाला बांधलेल्या झोक्याच्या वर, फांदीला, दोरी सोडून टांगली. मी दोन बेल द्यायचे आणि झोका द्यायचे. एक द्यायचे आणि झोका धरायचे. आजी पडवीतून म्हणते, "ही काय शाळा? झोका तर आमी पण देतो." तिसऱ्या की चौथ्या भेटीत बाय दोरी धरते. दोन बेल. मी झोका देते. एक बेल. मी धरते. ती माझ्या हातांकडे बघते, पुन्हा दोन देते, पुन्हा एक. कितीतरी वेळ ती फक्त एवढंच तपासत होती, की हे दर वेळी खरं आहे का.

मग बाय पहिलीत जाऊ लागली आणि ती घंटाही शाळेत गेली, वर्गात तिच्या जागेजवळच्या खिडकीच्या गजाला. मुलांना काही शिकवावं लागलं नाही, सगळी यष्टीत वाढलेली. गोंगाट असह्य झाला की बाय एक बेल द्यायची आणि कोणीतरी ओरडायचं, "गप रे, गाडी थांबली!" तिने दोन दिल्या की एक चावट मुलगी हात पुढे करायची, "मॅडम, एक हाफ!" मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "शाळेत घंटा एकच असते मॅडम, ही दुसरी कसली काढलीत?" पण हसत होते. बाय दिवसाच्या क्रमाची चित्रं स्वतः लावू लागली: चप्पल, वर्ग, जेवण, घर. एके दिवशी अक्षरांचे तुकडे पुढे ठेवले तर तिने ते ओळीने लावले. गाडीच्या पाटीवर असतं तसं: रत्नागिरी. बाबा, मी त्या दिवशी वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. फोन काढला आणि लक्षात आलं की हे ऐकून ज्याला कळेल असा एकही नंबर माझ्याकडे नाही.

स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या दिवशी मी दुसऱ्या गावी होते. फोन आला की बाय शाळेतून पळाली. रिक्षा करून पोहोचले तर ती फाट्यावर उभ्या असलेल्या गाडीत, कंडक्टरच्या सीटवर. कंडक्टर बाई होत्या. मला म्हणाल्या, "ही तुमची काय? रडून रडून दोरी मागत होती. एकदा वाजवायला दिली तेव्हा कुठे गप झाली." खाली तिची आई उभी होती. शाळा आणि फाटा यांच्यामधला रस्ता उताराचा आणि डंपरचा आहे. तिकीट मागणारी ती चावट मुलगी मला नंतर म्हणाली, "मॅडम, तिने एकेक बेल किती वेळा दिली. स्पीकर चालू होता ना, कोणी थांबलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं. "मुलगी गुणी आहे, पण काही झालं असतं तर? तिला घरीच शिकवा, तुम्ही आठवड्यातून जा." आजीने लगेच मान हलवली, "पुरे झाली शाळा. जिवानिशी गेली असती." आठवड्यातून एकदा मी, आणि उरलेले दिवस ती अंगणात माती चिवडणार, हे आईलाही कळत होतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, खरं सांगा. मोठी झाल्यावर हिचं काय व्हईल?" तेव्हा तुम्ही माझ्या ओठांवर आला होतात, बाबा. म्हणावंसं वाटलं की माझे वडील असेच होते, आणि त्यांनी आयुष्यभर गाडी चालती ठेवली, संसार केला, मला शिकवलं. ती त्यावर कितीतरी वर्षं जगली असती. पण तुम्ही तसे होतात की नाही हे मला ठाऊक नाही, आणि बाय म्हणजे तुम्ही नाही. मी म्हटलं, "माहीत नाही." "इतके दिस तर बोलंल बोलंल करत होतात," ती म्हणाली आणि बायचा हात धरून चालू लागली.

शाळेच्या फाटकाशी मी एकटी उभी होते आणि मला ती दुपार आठवली. मी लहान आहे, तुम्ही पुढे तिकिटं देत आहात, आणि मी गंमत म्हणून सीटवर चढून दोरी ओढते. एक बेल. भर चढणीला गाडी कचकन थांबते. माणसं हसतात, कोणी मला खुळी म्हणतं. तुम्ही लोकांसमोर काहीच बोलत नाही. घरी आल्यावर मला समोर उभं करता आणि, मी तुमच्या तोंडून ऐकलेलं बहुधा सगळ्यात मोठं बोलणं, ते बोलता. "दोरी खेळायची नाही. त्याला मागचं दिसत नाही. मी एक दिली की तो थांबतो, का म्हणून विचारत नाही. एकदा जरी थांबला नाही तर मग मी कशाला वाजवू?"

मी परत आत गेले. म्हटलं, "सर, तिने बेल दिली होती. गाडी आपण थांबवली नाही."

"म्हणजे अख्ख्या शाळेचा कार्यक्रम एका बेलवर थांबवायचा?"

"हो. मिनिटभर. नाहीतर ती घंटा मीच काढते. कोणी थांबणार नसेल तर ती नसलेली बरी."

त्यांनी समोरचा हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "आणि तुम्ही नसाल तेव्हा ती ऐकणार कोण? आमचे कान एवढे तयार नाहीत अजून. परीक्षेपर्यंत तिला ठेवू, पण रोज शाळा भरताना तुम्ही इथे हव्यात." रत्नागिरीहून येणारी पहिली गाडी शाळा भरल्यावर पोचते, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. संध्याकाळी मी त्या घरी जाऊन सांगितलं. आजी आत निघून गेली. आईने विचारलं, "रोज कशा येणार?"

पंधरा दिवसांपूर्वी मी शहरातली खोली सोडली आणि सामान इथे आणलं. फाट्यावरच्या चहावाल्याच्या मागची खोली आहे. बाय सकाळी शाळेत येते, मी तिच्या मागच्या बाकावर बसते, आणि दुपारनंतर मला माझ्या बाकीच्या गावांना जावं लागतं. शहरात निदान घरमालकीणबाई जेवलीस का म्हणून विचारायच्या. इथे अंधार पडला की बोलायला कोणीच नसतं. सगळ्यांना मी सांगितलंय की ही खोली बायसाठी घेतली, आणि ते खोटं नाही. पण तुम्हाला सांगते, चहावाल्याने आणखी एक खोली दाखवली होती, देवळाकडची, हवेशीर. मी ही घेतली कारण वस्तीची गाडी माझ्या खिडकीसमोर मुक्कामाला उभी राहते. पहाटे ती निघते तेव्हा मी जागी असते आणि दोन बेल ऐकू येईपर्यंत उठत नाही.