आजचं फूल बागेचं

भाऊ,

काल ऑफिसच्या लोकांबरोबर मळवलीला गेले होते, तुम्ही जन्मभर राखलेल्या त्या बंगल्यावर. बाईसाहेबांनी तो केव्हाच विकला. आता तो दिवसाच्या भाड्याने देतात. डे-लिलीचे वाफे अजून आहेत, पण सुकलेली फुलं तशीच लोंबत होती. नव्या केअरटेकरला विचारलं, तर म्हणाला, "कोन खुडत बसतंय मॅडम, गळत्यात आपोआप." हसावं की रडावं कळेना. तुमच्या सगळ्या सकाळी त्यातच गेल्या होत्या ना!

फूल एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी ते चिकट होऊन दांड्याला लोंबतं. बाईसाहेब पुण्याहून आल्या की सकाळचा चहा व्हरांड्यात घ्यायच्या, आणि त्याआधी कालचं एकही फूल बागेत दिसायला नको. तुम्ही उजाडताच वाफ्यात असायचात. तुमच्या या लेकीलाही शिकवलंत, "मानंपाशी मोड, वढू नगंस. शेजारच्या कळीला धक्का न्हाई लागला पायजे." कळीची एवढी काळजी तुम्हाला!

मी नववीत होते. शाळेचं गॅदरिंग होतं, माझा नाच होता. पाटीभर सुकलेली फुलं खुडून खताच्या खड्ड्यात टाकली आणि त्या दिवशी उमललेलं एकच शेंदरी फूल वेणीत खोचलं. तुम्ही मला फाटकातून परत बोलावलंत आणि बाईसाहेबांसमोर ते वेणीतून उपसलंत. केसही उपटले गेले. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, राहू द्या. उद्या सुकणारच आहे ते." तरी तुम्ही हात जोडून म्हणालात, "न्हाई बाईसाहेब. आज फुललंय त्ये बागेचं. पोरीला सवय नगं लागाया." आणि ते फूल त्यांच्या कपाशेजारी नेऊन ठेवलंत. त्यांनी "बिचारी" म्हटलेलं मी ऐकलं. नाचायला मी मागच्या रांगेत उभी राहिले.

मालकीण द्यायला तयार होती, भाऊ. नोकरी जाणार नव्हती. नको म्हणणारे तुम्ही होतात. त्यानंतर बाबांच्या मायेचं कुणी बोलायला लागलं की मी तिथून उठून जाते. माझ्या बाजूने तुम्ही एकदा तरी बोलायला हवं होतं. एकदाच.

तुमच्या दहाव्याला बाईसाहेब आल्या होत्या. सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "असा प्रामाणिक माणूस पुन्हा मिळायचा नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. प्रामाणिक कुणाशी, हे त्यांना तोंडावर विचारायचं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. त्या वेळी आत चुलीपाशी उभी असताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती. तुमच्यावर आहे त्याहून जास्त राग मला त्याचाच येतो.